गुढी उतरवायची नाही

८ मार्च, रविवार

शालन, आधी चष्मा शोध. डोक्यावर असेल. नसला तर फ्रिजमध्ये बघ, दिवाळीत तिथेच सापडला होता, लोण्याच्या डब्यामागे. सापडला? बैस आता.

ही माझी रोजनिशी आहे, खासगी. कुणी वाचायची नाही. पण मला अक्षर येत नाही. मी बोलते, हा फोन लिहितो, आणि लिहिलेलं मला परत ऐकवायला कुणीतरी लागतंच. म्हणून धाकट्या बहिणीला तेवढी परवानगी. तुझ्या घरी क्रेगीबर्नला बसून वाच आणि तिथेच विसरून जा. त्या बाबतीत माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. बाळंतिणीसाठी आळीव आणते म्हणालीस आणि आलीस ती नुसते हात हलवत. पिशवी ओट्यावरच राहिली म्हणे. पिशवीला पाय नसतात, शालन.

आज आमच्या दारात घर आलं, चाकांवरचं. कारवान म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. बाहेरून बघशील तर एसटी वाटेल.

का आणलं ते तू विसरली असशील, म्हणून परत सांगते. माझी नात मैथिली तिकडे ब्रोकन हिलच्या इस्पितळात डॉक्टर. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं, म्हणजे आमच्याकडे वेरिबीला. पण तिचं बीपी वाढलं आणि प्रवास बंद झाला. तिकडे भाड्याने घर मिळत नाही. ती आणि तिचा नवरा हृषिकेश एका खोलीत राहतात. आपण मोटेलात राहू, असं सगळ्यांचं म्हणणं. अगं, मोटेलात ओव्याची धुरी दिली की छतातलं यंत्र कोकलतं आणि लाल बंब दारात येतो. मी बाळंतिणीला शेकू की बंबवाल्यांना चहा पाजू? पोरीला माहेरी येता येत नाही ना, मग माहेर तिच्याकडे जाईल. मी म्हटलं, आणि तिच्या बापाने, विवेकने, ही कारवान शोधली.

शोधली, विकत घेतली, गाडीला जोडली, आणि घरी येताना पेट्रोल पंपाच्या छताखाली घातली.

मी पुढेच बसले होते. थांब थांब म्हणत होते. वरून असा आवाज आला की पत्र्याचा डबा कुणी दातांनी उघडतोय. छतावरचा एसी उपटून मागे पडला. कारवानच्या कागदावर उंची लिहिलेली होती, विवेकने ती वाचलीही होती. पण त्या उंचीत छतावरचा एसी धरलेलाच नव्हता. आता टोपी घातलेल्या माणसाची उंची टोपीसकट मोजायची असते, हे मला न शिकता कळतं.

पंपावरची मुलगी “नो वरीज, मेट” म्हणाली. विवेक मात्र तिथेच उभा राहिला. घरी येईपर्यंत एकच वाक्य: “आई, तू आत असतीस तर?”

मी आत कशाला असेन? मी त्याच्या शेजारी ओरडत होते.

११ मार्च, बुधवार

नवा एसी बसला. जुन्यापेक्षा उंच आहे. आणि माझा मुलगा बसला तो बसलाच.

“विकून टाकू,” म्हणाला. “तुम्ही दोघी विमानाने जा. मी काहीतरी सोय बघतो.”

मी म्हटलं, “बघ ना. धुरी द्यायची परवानगी असलेलं विमान आणि मोटेल बघ.”

“आई, चेष्टा नको. झाडांच्या फांद्या, रेल्वेचे पूल, विजेच्या तारा... प्रत्येक ठिकाणी वर बघायला लागतं. मी पंपाचं छत बघितलं नाही, एवढं मोठं छत! आठशे किलोमीटर कसं नेऊ?”

“अरे, एक एसीच तुटला. तुझा कणा होता का तो?”

हे बोलायला नको होतं म्हणतेस? बोलले. तो उठून गॅरेजमध्ये गेला.

मग चित्रा. तू सुनेला ओळखतेसच, लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या मोजते आणि घरी शब्द. ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “मी नेते.”

विवेक दारातून म्हणाला, “चित्रा, तू साधा ट्रेलर कधी ओढला नाहीस.”

“तुझं डोकं ओढतेय की तीस वर्षं,” ती म्हणाली.

मी हसले नाही, शालन. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

१५ मार्च, रविवार

रिकाम्या मैदानावर सराव. तुपाचे रिकामे डबे मांडून चित्राने त्यांच्यामधून कारवान उलटी घालायची. सकाळी सगळे डबे चपटे केले, दुपारनंतर दोनच. उलटी नेताना हात स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या बाजूला धरायचा. शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. हे मैदानावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने आपण होऊन येऊन शिकवलं. मी म्हटलं, किती चौकस माणसं! त्याच्याकडे थर्मास होता, आणि तो आमची वाट बघत असल्यासारखा बसला होता.

विवेक आला नाही. ऑफिसचं काम आहे म्हणाला. रविवारी! दिवसभर गॅरेजमध्ये फोन कानाला. “हॅलो, सॉरी टु बॉदर यू” एवढंच ऐकू येतं. माझा मुलगा, बायको घर ओढत नेतेय आणि हा कुणाकुणाला सॉरी म्हणत बसलाय.

मला काम मिळालंय. निघण्याआधी कारवानभोवती प्रदक्षिणा घालायची. छताची झडप बंद, पायरी आत, सांधा पक्का, चाकांखालचे ठोकळे काढलेले. जे जे बघितलं त्यावर हात टेकायचा. देवळासारखंच, फक्त घंटा नाही.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

घंटा लावली.

काल रात्री पडल्या पडल्या सुचलं. आपल्या लहानपणी कडब्याचे ट्रक यायचे, आठवतात? तुला नसतीलच आठवत. वर एक माणूस बसायचा बांबू घेऊन, गावातल्या तारा उचलायला. मी चित्राला म्हटलं, मी बसते वर.

“आई, तुम्हाला पोलीस नेतील आणि मला पण.”

“मग माणूस नको. नुसता बांबू पुढे चालू दे.”

गाडीच्या पुढच्या लोखंडी कठड्याला उभी काठी. कारवानच्या डोक्यापेक्षा चार बोटं उंच. आधी काठी आपटेल, मग आपण थांबू, कारवान मागेच राहील. आणि आज पाडवा, मग काठी नुसती कशाला ठेवायची? विवेकची मासे पकडायची जुनी काठी घेतली, वाकते पण मोडत नाही. खणाचा लहान तुकडा, गाठी, शेजारच्या तेजश्रीच्या अंगणातला कडुलिंब. वर तांब्या पालथा घालायचा, तर चित्रा म्हणाली काचेवर पडला तर काच जाईल. म्हणून स्टीलचं फुलपात्र घ्यायचं ठरलं. पण ते टिकणार कसं, यावर दोघी अडून बसलो आणि जेवायला उठलो.

जेवून येते तर फुलपात्राला भोक पाडून, बोल्ट घालून, रबर लावून काठीवर पक्कं बसवलेलं! हलवलं की टण्ण वाजतं. चित्रा ड्रिल चालवायला कधी शिकली कोण जाणे. मी तिचं कौतुक केलं तर ती गॅरेजकडे बघून काहीतरी पुटपुटली. लाजरी आहे.

आणि संध्याकाळी तुझा फोन: “अक्का, सूर्यास्ताच्या आत गुढी उतरवतात गं.” सगळं विसरतेस आणि नेमकं हे लक्षात ठेवतेस! ऐक. ही गुढी माझी आहे. मैथिलीच्या दारात पोचल्याशिवाय मी ती उतरवायची नाही. देवाला काही विचारायचं असेल तर त्याने वाटेत भेटावं, आम्ही हळूच जाणार आहोत.

२० मार्च, शुक्रवार

निघालो. विवेक फाटकात उभा होता. चित्राच्या फोनवर त्याने कसलातरी ठिपका चालू करून दिलाय, आपण कुठे आहोत ते त्याला घरबसल्या दिसतं. म्हणजे आता हा दिवसभर ठिपका बघत बसणार. स्वतः येता येत नाही आणि पाळत ठेवता येते. मी टाटा केला नाही.

तासाभरात अँटेना गेली.

प्रदक्षिणा मी घातली होती, नीट. पण टीव्हीची अँटेना छतावर असते आणि मी छतापेक्षा खूप खाली असते. ती वरच राहिली. एका गावच्या मुख्य रस्त्यात झाडं दोन्हीकडून आत झुकलेली. गुढी मधून बरोबर गेली, कारवानची डावी बाजू फांदीत घुसली आणि अँटेना झाडावर राहिली. आता त्या झाडावरच्या पक्ष्यांनी बातम्या बघाव्यात. तसंही त्या टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

चित्रा खाली उतरली, चाकाला टेकून खूप वेळ उभी राहिली. मी विचारलं, “काय गं?”

“फोटो काढतेय,” म्हणाली. हातात फोन नव्हता.

मग मी तिला पुरणपोळी दिली, कालची. उभ्यानेच खाल्ली. परत स्टिअरिंगवर बसली तेव्हा म्हणाली, “आई, गुढी मधोमध असते आणि फांद्या कडेला. जमेल तिथे मी गाडी रस्त्याच्या आतल्या अंगाने ठेवते. आणि उद्यापासून अँटेनाची जागा मी शिडीवर चढून बघणार.”

“आता काय बघणार, गेली ती.”

“तरी बघणार.”

ही माझीच सून आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

पेट्रोलला थांबलो तर पंपावरचा माणूस धावत बाहेर. आम्ही विचारायच्या आधीच ट्रकवाल्यांच्या उंच छताकडे हात केला. रात्री कारवान पार्कात शिरलो तर मालकिणीने आम्हाला सगळ्यात टोकाची जागा दिली, भर मैदानात, एक झाड नाही. बाकी सगळे मस्त सावलीत आणि आम्ही रणात! मी म्हटलं, आपण काळे म्हणून. चित्रा म्हणाली, “नाही आई, तसं नाही,” आणि पाठ फिरवून अंथरूण घालायला लागली.

२१ मार्च, शनिवार

आज सावकाश सांगते, कारण मला हे परत परत ऐकायचं आहे.

सकाळी हृषिकेशचा फोन. मैथिलीचं बीपी फारच चढलं. तिला दाखल केलंय, उद्या दुपारी कळा आणायचं औषध सुरू करणार. आम्ही सोमवारी आरामात पोचणार होतो. मैथिली फोनवर आली. स्वतः डॉक्टर पोर, दुसऱ्यांना धीर देते. मला म्हणाली, “आजी, तुम्ही याल ना?” एवढंच. लहानपणी अंधारात पाणी प्यायला जाताना विचारायची तसं.

चित्राने चहा तसाच टाकला.

पुढे मोठ्या रस्त्यावर ट्रक आडवा झालेला. पोलिसांनी सगळ्यांना आतल्या रस्त्याला वळवलं. गाडीतल्या नकाशाने आणखी जवळचा रस्ता दाखवला आणि चित्रा घाईत वळली. टेकड्या, दगडी घरं, आणि समोर रेल्वेचा जुना दगडी पूल. त्यावर उंचीची पाटी.

चित्राने पाटी वाचली. मग काचेवर चिकटवलेली आपली उंची वाचली. “जाईल,” म्हणाली. “थोडक्यात, पण जाईल.”

“नक्की?”

“आई, ती तिथे वाट बघतेय! मी मोजलंय. जाईल!”

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, “मग गोगलगाईसारखी ने.”

नेली. पुलाची सावली बॉनेटवर आली, आणि वर फुलपात्र वाजलं. टण्ण. मग काठी मागे वाकली आणि दगडावर घासत राहिली, टण्ण, टण्ण, टण्ण.

चित्राने ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी तिला म्हटलं, “तुझी कारवान जाणार असेल, पण माझी वरची चार बोटं जात नाहीत. उतरून बघ.”

ती शिडी घेऊन मागे गेली. परत येऊन म्हणाली, आपण मोजलं तेव्हा पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या; आता रिकाम्या आहेत. वजन कमी झालं म्हणून कारवान चाकांवर वर उचलली गेली. पोट रिकामं झालं की माणूस हलका होतो तसं. एसी त्या दगडांना लागलाच असता. लागला असता तर कारवान तिथेच अडकली असती, आणि आम्ही पण.

आता मागे जायचं. मागे वळणाचा, चढाचा रस्ता आणि गाड्यांची रांग, पों पों करणारी.

शालन, मी उतरले. नऊवारी, पायात मैथिलीने दिलेले बूट, हातात लाल छत्री. रांगेतल्या पहिल्या गाडीपुढे जाऊन छत्री उघडली आणि उभी राहिले. आतला माणूस काहीतरी ओरडला. मी मराठीत सांगितलं, “ओरड बाळा, घसा तुझाच आहे. माझ्या नातीच्या माहेराला वाट दिल्याशिवाय मी हलणार नाही.” त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो मागे सरकला. मग त्याच्यामागचा सरकला.

तेवढ्यात गावाकडून एक दाढीवाला यूट, ती मागे उघडी असलेली गाडी, घेऊन आला, फोन कानालाच. त्याने गुढीकडे बघितलं, फोनमध्ये काहीतरी सांगितलं, आणि खाली उतरून उरलेल्या गाड्या वळवायला लागला. चित्राशी इंग्रजीत भडाभडा बोलला. त्यात मला मधेच ‘विवेक’ ऐकू आल्यासारखं वाटलं. पण दाढीवाल्या गोऱ्याच्या तोंडात विवेक कुठून येणार? माझे कान गेलेत, दुसरं काय.

चित्राने हात चाकाच्या खाली धरला आणि कारवान उलटी घातली. एकदा वाकडी गेली, पुढे घेतली, परत उलटी. मी छत्री डावीकडे केली की डावीकडे, उजवीकडे केली की उजवीकडे. दाढीवाला टाळ्या वाजवत होता. वर मोकळ्या जागी आली तेव्हा चित्राने काच खाली केली आणि इतकी जोरात हसली की मी घाबरले. डोळ्यांतून पाणी. धूळ फार आहे या भागात.

दाढीवाल्याने पुढे राहून आम्हाला मोठ्या रस्त्याला लावून दिलं. मी त्याला चकल्या दिल्या.

अंधाराच्या आत मिल्ड्युरा गाठलं. चित्राने सगळ्यात आधी पाण्याच्या टाक्या भरल्या. पार्कात परत तीच गोष्ट: आम्हाला उन्हातली जागा. आता मी काही बोलले नाही. उन्हात तर उन्हात.

२२ मार्च, रविवार

रस्ता सरळ, लाल माती, झाडं बुटकी. माझ्यासारखी. गुढी दिवसभर नुसती फडफडली, वाजली नाही. गाठी कालच कुठेतरी पडली. खण मळला.

दुपारी इस्पितळ आलं. दारापुढे सुंदर छत, उन्हात माणसं उतरवायला. चित्राने तिकडे वळायला सुरुवात केली आणि दोघी एकदम ओरडलो, “छत!” गुढीला वाजायची गरजच पडली नाही. गाडी बाहेर रस्त्यावर लावली आणि चित्रा पळाली. अशी पळाली, शालन, की तिच्या चपला रस्त्यावर राहिल्या. मी त्या उचलून मागून गेले.

औषध अजून सुरू झालं नव्हतं. मैथिलीने मला बघितलं आणि विचारलं, “कारवान कुठेय?”

मी खिडकीकडे बोट केलं. तिने खिडकीतून गुढी बघितली, मळका खण, वाकडं फुलपात्र. “आजी, पाडवा गुरुवारी झाला ना?”

“तुझा आज आहे,” मी म्हटलं.

२४ मार्च, मंगळवार

मुलगी. काल पहाटे. आई आणि पोर दोघी धडधाकट. पोरीचा आवाज फुलपात्रापेक्षा मोठा आहे.

काल मी गुढी उतरवली. हळद-कुंकू वाहिलं, साखर ठेवली. चित्रा बोल्ट सोडवायला लागली आणि मधेच थांबली, म्हणाली, “हा ज्याने घट्ट केलाय त्यालाच सोडवू दे.” म्हणजे स्वतःच, पण दमलीय बिचारी, काहीही बोलते. काठी बोल्टसकट कारवानमध्ये ठेवलीय.

कारवान आता मैथिलीच्या खोलीमागे उभी आहे, तारांपासून लांब. बाळंतीण इस्पितळातून यायच्या आधीच काल पहिली धुरी दिली, दारं-खिडक्या सताड उघडून. कुणी कोकललं नाही.

आणि तुझा भाचा! परवा तो निघतोय म्हणे. गाडीने, एकटा. चित्राला म्हटलं, त्याला नकाशा नीट दे, छताखाली घालणारा माणूस आहे. तर ती म्हणाली, “त्याला नकाशा नको, आई. पूर्ण रस्ता त्याला पाठ आहे. कुठल्या गावात कुठलं झाड कोणत्या बाजूला झुकलंय तेसुद्धा.” आता हा इकडे कधी आला होता? जन्मात नाही. बढाया, दुसरं काय.

असो. तो येतोच आहे तर रिकाम्या हाताने पाठवू नकोस. आळीव ओट्यावर आहे, अजून तिथेच असणार, ते दे. डिंक कच्चाच दे, तळायचा मी बघते. खारीक, सुंठ, ओवा, सुकं खोबरं. आणि वेगळ्या डब्यात त्याच्यासाठी दशम्या कर, दुधात भिजवलेल्या, मऊ. बरोबर शेंगदाण्याची चटणी, तिखट. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. डबा मागच्या सीटवर ठेवू नकोस, शालन. शेजारच्या सीटवर ठेव, गाडी चालवताना त्याचा हात पोचला पाहिजे.